आधी आई, मग काटा

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, की नोकरीतले काही हृद्य अनुभव लिहून पाठवा. एकतीस वर्षं नर्सबाई म्हणून खेड्यापाड्यांतून फिरले. पहिली निम्मी शिरूर तालुक्यात, उरलेली दौंडमध्ये यवतच्या बाजूला. एवढ्या वर्षांत हृद्य म्हणावं असं काय घडलं ते आठवायला बसले, तर डोळ्यांपुढे एकामागून एक सासवाच यायला लागल्या. तेव्हा संपादकांनी माफ करावं. हृद्य जमणार नाही, घडलं तेवढं लिहिते.

नर्सबाईचं काम म्हणजे सुया टोचणं आणि कुटुंबनियोजनाच्या केसेस गोळा करणं, असं बाहेरच्यांना वाटतं. ते होतंच. पण बाळंतपण झाल्यावर सव्वा महिना घरी जाऊन बाळ आणि बाळंतीण दोघांना बघणं हेही आमचंच काम. बाई मोकळी झाली की संकट टळलं, असं घरात सगळे धरून चालतात. खरी भीती तर तिथून पुढे असते. अंगावरून जास्त जातं, गर्भपिशवीत जंतू होतात, ताप चढतो, आणि चांगली धडधाकट बाई बघता बघता हातची जाते. हे सांगायला जावं तर ऐकायला कोणी रिकामं नसायचं. मुलगा असला तर घर पेढे वाटण्यात गुंतलेलं, आणि मुलगी असली तर 'लक्ष्मी आली हो' असं पडल्या चेहऱ्याने सांगण्यात.

माझ्या पिशवीत थर्मामीटर असायचा, लोहाच्या गोळ्या असायच्या आणि स्प्रिंगचा काटा असायचा. काट्याला खाली झोळी लावून त्यात बाळ ठेवायचं. हा काटा पिशवीतून बाहेर निघाला की सगळी आळी गोळा व्हायची. घोडनदीच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोणीभोवती जमतात तशीच माणसं, तशाच माना वाकड्या करून आकडा वाचायची. बाळ तीन किलोच्या वर भरलं तर ते आजोबांनी खाल्लेल्या दूधतुपामुळे. अडीचच्या खाली भरलं तर माझा काटा खोटा, सरकारी मालच तसला. आणि आईचं काय, असं मी विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "तिला काय धाड भरलीया?"

पाचवीच्या दिवशी सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायची पद्धत. आम्ही बौद्ध, आमच्या घरातून हे प्रकार आजोबांच्या काळातच गेले. पण दुसऱ्यांच्या घरी मी ते शेकड्याने पाहिले. सगळीकडे कागद एकच, बाळाचा. आईसाठी दुसरा कागद ठेवलेला मी एकाही घरात पाहिला नाही. सटवाईलासुद्धा वाटत असणार, की हिचं काय लिहायचं ते सासूला विचारून लिहू.

बाळंतिणीला पाणी पाजायचं नाही, हा तर सगळ्या तालुक्याचा कायदा. पाणी प्यालं की पोट सुटतं म्हणे. खाली शेगडी, डोक्याला फडकं, खोलीची खिडकी बंद, खायला डिंकाचे लाडू, आणि प्यायला दिवसाकाठी दोन पेले कोमट पाणी. मग बाईला लघवीला आग, दूध आटलेलं, आणि तोंड वाळलेलं. पहिली काही वर्षं मी सासवांपुढे व्याख्यानं दिली. त्या मान डोलवायच्या आणि माझी पाठ वळली की तांब्या उचलून ठेवायच्या. मग एकदा मला अक्कल आली. जुलाबावरची जलसंजीवनीची पाकिटं माझ्याकडे पडून असायची. ती मी बाळंतिणीच्या उशाशी ठेवायला लागले आणि सांगायला लागले, हे अंगातली उष्णता काढायचं औषध आहे, रोज एक पाकीट तांब्याभर पाण्यात कालवून संपवायचंच, आणि वर साधं पाणी प्यायचं, नाहीतर औषध अंगावर उमटेल. पाण्याला बंदी होती, औषधाला नव्हती. ज्या सासवा पेला मोजून द्यायच्या, त्याच तांब्या घेऊन सुनेच्या मागे लागल्या. खोटं बोलल्याशिवाय खरं काम होत नाही, हे मी तिथे शिकले आणि पुढे फार उपयोगी पडलं.

आता माझ्याविषयी थोडं. मी शिरूरच्या बौद्ध वस्तीतली. माझं आडनाव ऐकलं की गावातली मोठी माणसं 'मूळ गाव कुठलं तुमचं?' असं विचारून खात्री करून घ्यायची. तरीही बाळंतिणीच्या घरात मला पहिले बारा दिवस मुक्तद्वार असे. कारण ते बारा दिवस सोयर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ. खोली आधीच विटाळलेली, मग माझ्या येण्याने आणखी काय विटाळणार? बाराव्या दिवशी बारसं झालं, घरभर गोमूत्र शिंपडलं, की घर शुद्ध व्हायचं आणि तेराव्या दिवसापासून माझी जागा ओसरीवर. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही, जमाना सुधारला होता. फक्त सतरंजी ओसरीवर अंथरलेली असायची, बाळ बाहेर आणून दिलं जायचं, आणि चहा कान तुटलेल्या कपात यायचा. सुरुवातीला मला वाटायचं, फुटला असेल एखादा कप. मग ट्रॅक्टर आणि फ्रीज असलेल्या घरातही कान तुटलेलाच कप आला, तेव्हा कळलं की तो जपून ठेवलेला आहे.

जी गोष्ट सांगायची आहे ती अशाच एका घरातली. केंदूरच्या पलीकडची एक वाडी, नाव सांगत नाही. रांजणगावला नवे कारखाने उभे राहत होते तेव्हाचं. घर बागायतदाराचं. घरात सत्ता सासूची, तिला सगळी वाडी आक्का म्हणायची. मुलगा दत्ता, कारखान्यात क्वालिटीला होता. सून मंगल, विशीतली, पहिलटकरीण. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला आई नव्हती आणि आक्काला नातू दुसऱ्याच्या दारात जन्मायला नको होता.

दिवस भरायला आठवडा असतानाच मंगलला पहाटे कळा सुरू झाल्या. गाडी बघेपर्यंत उशीर होईल म्हणून शेवंताबाईला बोलावलं. शेवंताबाई ही वाडीची सुईण. आमच्याच समाजाची, साठीच्या पुढची, अंगठेबहाद्दर. बाळंतपण करायचं, बाळामागून पडणारी वार पुरायची, न्हाऊ घालायचं आणि सव्वा महिना बाळंतिणीची फडकी धुवायची, हे तिच्याकडे सासूपासून चालत आलेलं. मी दहाच्या सुमारास पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मुलगा साडेतीन किलोचा. मी वार कुठे आहे म्हणून विचारलं. वार सबंध पडली की नाही हे डोळ्यांनी बघायचं असतं. तिचा तुकडा आत राहिला तर पिशवी आकसत नाही, रक्त जात राहतं, तो कुजला की विष होतं. प्रशिक्षणात हे आमच्याकडून घोकून घेतलेलं.

पण वार उघडी ठेवायची नाही, कुत्र्यामांजराने ओढली तर बाळाला दोष लागतो, म्हणून ती परसात पुरून वर दगड ठेवलेला. सबंध पडली होती का, असं मी आक्काला विचारलं.

"पडली की. पुरली बी," आक्का म्हणाली. "आता काय उकरून दावू व्हय?"

शेवंताबाई न्हाणीपाशी उकिडवी बसली होती. ती काहीतरी बोलायला पुढे झाली. मी तिला मध्येच तोडून विचारलं, की हात साबणाने धुतले होते का, नवं ब्लेड वापरलं का. चार माणसांत जरा चढ्या आवाजातच विचारलं. ती होय म्हणाली आणि गप्प झाली. मी वहीत लिहिलं, 'वार पूर्ण'. वार मी पाहिली नव्हती. जिने पाहिली होती तिला मी विचारलं नव्हतं. विचारलं कोणाला, तर जी विटाळ नको म्हणून दाराबाहेर उभी होती तिला. शिकलेल्या बाईचा माज हा असा असतो. आक्काचा माज मला लांबून दिसायचा, माझा मात्र त्या दिवशी दिसला नाही.

बारा दिवस मी येऊन-जाऊन होते. अंगावरून थोडं जास्त जात होतं, पण ताप नव्हता. मी गोळ्या दिल्या, जलसंजीवनीची पाकिटं दिली. बारसं थाटात झालं. सोळाव्या दिवशी गेले, तर सतरंजी ओसरीवर. आक्काने बाळ आणलं, मी ओसरीच्या कडीला काटा अडकवला. चार किलोला थोडं कमी. आक्काने तो आकडा रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांना हाक मारून सांगितला. मंगलला बघायचंय म्हटलं, तर म्हणाली, निजलीय, उठवू नका. मी आग्रह धरायला हवा होता. पण त्या दिवशी माझ्या मनाला फार लागलं होतं. चार दिवसांपूर्वी ज्या खोलीत मी पोट चाचपायला बसत होते, तिच्या दाराशी जायची आज मला मनाई. म्हटलं, मी का पाया पडू? तुमची सून, तुम्ही बघा. कान तुटलेल्या कपातला चहा तसाच ठेवला आणि ताठ मानेने निघाले. ताठ मान कशी दिसत असेल त्याचं मला तेव्हा कौतुकच वाटत होतं.

फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. मागून शेवंताबाई धापा टाकत आली. तिच्या हातांना अजून साबणाचं पाणी होतं.

"नर्सबाई, रागवायचं तर रागवा, पन आयका," ती म्हणाली. "मंगलीची फडकी मी धुती. चार दिस झालं, पुन्यांदा लाल याया लागल्यात. आन् वास येतोय, कुजल्यावानी."

मी विचारलं, वार कशी होती.

"एक कड फाटकी व्हती. त्याच दिशी सांगत व्हते. तुमी साबनाचं इचारलं."

एसटी आली आणि गेली. मी परत फिरले. तो अर्धा मैल मी पळतच गेले. शेवंताबाई मागे राहिली.

ओसरीवर आक्का उभी. मला मंगलला आत्ता बघायचंय, मी म्हटलं. आक्काने दारात हात आडवा धरला. भांडण असं तिने केलं नाही. नुसतं म्हणाली, देवघरावरनं जावं लागतंय. बाळंतवाताचा काढा दिलाय, उतरेल ताप. म्हणजे ताप होता, आणि तो आक्काला ठाऊक होता. पिशवीतले जंतू, वारेचा तुकडा, हे सांगत बसायला वेळ नव्हता, आणि सांगून ती ऐकणारी नव्हती. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं.

"आक्का, सरकारी नियम आहे. आधी आई, मग काटा. आईला बघितल्याशिवाय केलेलं वजन धरत नाहीत. मगाचं वजन मला खोडावं लागेल."

आक्का घुटमळली. चार किलोला थोडं कमी हा आकडा एव्हाना अर्ध्या वाडीत पोचला होता. तो वहीतून खोडला जाणार म्हणजे नातवाची अब्रू गेली. सुनेचा ताप तिला दारातून हलवू शकला नाही, नातवाच्या वजनाने ती हलली. बाजूला होत म्हणाली, "मग जावा. देवाकडं बघू नका."

मी देवाकडे बघितलं नाही. खोलीत शेगडी रसरसत होती आणि मंगल दोन गोधड्यांत कुडकुडत होती. ताप एकशे चारच्या घरात. नाडी मोजता येईना. खालचं फडकं मी उचललं आणि तसंच खाली ठेवलं. दूध गोळा करणारा टेम्पो त्या वेळी वाडीत यायचा. तो थांबवून कॅन खाली उतरवले, आक्काच्याच गाद्या टाकल्या आणि मंगलला घेऊन शिरूरला निघाले. नुसतं दार उघडायला मला जेवढी खटपट पडली, तेवढी पुढे डॉक्टरांना गाठायलाही पडली नाही.

टेम्पोत मंगलने माझं मनगट धरून ठेवलं होतं. ओठ वाळून चिरले होते. मध्येच डोळे उघडून म्हणाली, "बाई, सकाळी तुमचा आवाज आला वसरीवर. वाटलं, आता येतील आत."

मी पदराचं टोक ओलं करून तिच्या ओठांना लावलं.

दवाखान्यात पिशवी साफ केली, वारेचा तुकडा निघाला, रक्त चढवलं. दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. दत्ता पाळी सोडून आला होता. कारखान्याच्या गणवेशातच बाकावर बसून मला पुन्हा पुन्हा म्हणत होता, की सिस्टर, डिलिव्हरी तर ओके झाली होती, बेबीचं वेट पण ओके होतं. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे माल ओके निघाला की मशीन बघत नाहीत का? तो म्हणाला, दर पाळीला बघावं लागतं, त्याची वेगळी शीट असते. बोलता बोलता तो थांबला आणि तोंडावर रुमाल धरून रडला. वाईट मुलगा नव्हता. त्याला बायकोसाठी कोणी शीट दिली नव्हती, एवढंच.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मंगल वाचली. डॉक्टर मला म्हणाले, सिस्टर, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, शाबास. मी ती शाबासकी घेतली.

पुढच्या सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात माझा सत्कार झाला. नर्सबाई देवासारख्या धावून आल्या, असं सरपंच भाषणात म्हणाले. देवघरावरून जाताना देवाकडे बघू नका म्हणून मला बजावलं होतं, ते त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. शाल दिली, नारळ दिला, दोन शब्द बोलायला सांगितलं. मी आरोग्यखात्याचे आभार मानले, ग्रामपंचायतीचे मानले, टेम्पोवाल्याचेसुद्धा मानले. शेवंताबाई मागे, मुलांच्या रांगांच्याही मागे, भिंतीला टेकून बसली होती. तिचं नाव घेतलं असतं तर वार फाटकी होती हे आलं असतं, आणि मग माझ्या वहीतलं 'वार पूर्ण' आलं असतं. म्हणून मी नाव घेतलं नाही. कार्यक्रम संपल्यावर ती जवळ आली, शालीवरून हात फिरवून म्हणाली, ऊबदार हाय. त्यानंतर दोन हिवाळ्यांत ती गेली. ती शाल माझ्याकडे आहे, मी कधी पांघरत नाही.

नियम मात्र मी सोडला नाही. त्या दिवसापासून माझ्या हद्दीत आधी आईचा ताप, पोट आणि फडकं बघायचं, मगच पिशवीतून काटा काढायचा. कोणी कुरकुर केली की सरकारी नियम म्हणून सांगायचं. सोयर असो नसो, बारसं होवो न होवो. बाळाचं वजन कळावं म्हणून लोकांनी मला कुठकुठली दारं उघडून दिली ते आठवलं की अजून हसू येतं. यवतला बदली झाली तेव्हा नियमही बरोबर नेला. तिथल्या सासवाही वजनाच्या तेवढ्याच भुकेल्या निघाल्या.

यवतला जाऊन पाचसहा वर्षं झाली असतील. पुण्याला एका प्रशिक्षणात केंदूरकडच्या उपकेंद्रावर दोन वर्षांपूर्वी लागलेली नर्स भेटली. मी पूर्वी तिकडे होते असं कळल्यावर जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसली. म्हणाली, मॅडम, एक विचारायचं होतं. एका वाडीत एक म्हातारी आहे, सगळे तिला आक्का म्हणतात. तिच्या धाकट्या सुनेचं बाळंतपण झालं. हॉस्पिटलमध्ये झालं, सगळं नीट. मी पंधराव्या-सोळाव्या दिवशी गेले, ओसरीवर काटा अडकवला, तर म्हातारी बाळ सोडेना. छातीशी धरून बसली आणि मलाच दटावायला लागली.

म्हातारी काय म्हणाली ते तिने तसंच्या तसं सांगितलं. "आधी आत जा. तिचा ताप बघ, प्वाट बघ, फडकं बघ. मग काटा. सरकारी नियम हाय, तुला ठावं न्हाई?"

मग तू आत गेलीस का, असं मी विचारलं. गेले की, ती म्हणाली, मोठी सून मंगल होती ना, तिनेच हाताला धरून नेलं, देवघरावरून. आणि बरं झालं गेले. ताप होता, छातीत गाठ धरली होती. लगेच शिरूरला पाठवलं, आता ठीक आहे. चहा कसल्या कपात दिला, तेही विचारलं. तिला प्रश्नाचा अर्थ कळला. खाली बघून म्हणाली, "कान तुटलेल्या." म्हणजे आक्का निम्मीच सुधारली होती, पण जी सुधारली होती ती निम्मी बाळंतिणीच्या कामाची होती.

मग ती मुद्द्यावर आली. तिने सगळी परिपत्रकं शोधली होती, तालुक्याच्या ऑफिसात विचारलं होतं. असा नियम कुठेच सापडत नाही. कोणाचा आहे हा नियम, मॅडम?

माझा आहे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. शाल-श्रीफळ घेतलेल्या माणसाला सवय लागते. पण फाट्यावरचे ते साबणाचे ओले हात डोळ्यांपुढे आले.

"शेवंताबाईचा," मी म्हटलं.

"कोण शेवंताबाई?" तिने विचारलं. त्या वाडीत ती दोन वर्षं जात होती, आणि हे नाव तिच्यापुढे कोणी काढलं नव्हतं.